नऊ महिने ठाऊक असलेला, तरी अवचित येणारा खर्च

आपल्याकडे लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत अजून मोडलेली नाही. सातव्या महिन्यात लेक घरी येते, आई तिचे डोहाळे पुरवते, शेजारच्या आयाबाया चोळी-बांगडी करतात. घरात आनंद असतो. आणि रात्री सगळे निजले की बाप अंगणातल्या बाजेवर पडून मनाशी हिशेब करीत असतो. किती लागतील? पाच हजार? पंचवीस हजार? की लाख? गावात ज्याला विचारावे त्याचा आकडा निराळा. एकाच्या सुनेचे सरकारी दवाखान्यात चहापाण्याच्या खर्चात झाले. दुसऱ्याच्या लेकीचे करता करता दोन शेळ्या, कानातले आणि पुढच्या हंगामाची उचल गेली. दोघेही खरेच बोलत असतात.

लग्नाचा खर्च माणसाला आवरता येतो. मंडप लहान घालावा, एका पंगतीत उरकावे. बाळंतपणाचे तसे नाही. तारीख डॉक्टर कितीतरी महिने आधी सांगतात, पण रक्कम कोणी सांगू शकत नाही. मूल आडवे आले, रक्तदाब चढला, पाणी आधीच गेले, वार अडकली, बाळ जन्मताच रडले नाही, यांतले काय होणार हे कळा सुरू झाल्यावर चार-सहा तासांत ठरते आणि तेवढ्या वेळात आकडा कुठल्या कुठे जातो. त्या वेळी घरातला पुरुष दवाखान्याच्या दारात उभा असतो आणि 'सही करा, पैसे भरा' एवढेच त्याला ऐकू येते. अशा वेळी कोणी भाव करीत नाही. ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून, तो म्हणेल त्या व्याजाने पैसे उचलले जातात. बाळ महिनाभरात हसू लागते, व्याज मात्र दोन-दोन वर्षे फिटत नाही.

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे जुन्या बाया म्हणत. तथागतांची माता महामाया हीसुद्धा माहेरी देवदहालाच निघाली होती. वाटेत लुंबिनी वनात शालवृक्षाखाली सिद्धार्थाचा जन्म झाला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. सिद्धार्थाला वाढविले ते मावशी महाप्रजापती गौतमीने. दासदासी दिमतीला असलेल्या राणीची ही गत. आपल्या रमाईच्या पदरातली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली, एकटे यशवंतराव राहिले. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलै महिन्यात. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यांतील बायांना बाळंतपणाच्या काळात रजा व पैसे मिळावेत या बिलाच्या बाजूने उभे होते.

बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे. म्हणजे बाळंतपणाचा खर्च हा त्या बाईचा, तिच्या बापाचा किंवा नवऱ्याचा खाजगी प्रश्न आहे, ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधानसभेत मांडला. तो नामंजूर झाला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीत राबणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा केल्या, आणि १९४८ साली जो कामगार राज्य विम्याचा कायदा झाला त्याची पायाभरणीही त्याच काळातली.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा १९२९ चा कायदा बदनापूर-जालन्याच्या बायांना लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारतात आलो, १९६१ साली सबंध देशाचा प्रसूती लाभ कायदा झाला, २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ही रजा द्यायची कोणी? तुरीच्या वाणांसाठी महाराष्ट्रभर नाव असलेल्या आपल्या बदनापुरात बाई राबते ती दुसऱ्याच्या शेतात. कापूस वेचायला, खुरपायला, मोसंबीच्या बागेत, वीटभट्टीवर, नाहीतर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला. तिचा मालक दर आठवड्याला निराळा. तिने काम थांबवले त्या दिवशी तिची मजुरी थांबते. म्हणून बाळंतपणाचा पहिला खर्च दवाखान्यात होत नाही, तो घरातच होतो. सहा महिने एका माणसाची कमाई बंद, आणि खाणारे तोंड एकाने वाढलेले. हा आकडा कुठल्याच बिलावर लिहिलेला नसतो.

फुकट असूनही पैसे लागतात कसे?

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. यात 'पण' नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर सुरू झाला. त्यात साधे बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधे, इंजेक्शने, सलाईन, रक्त-लघवीची तपासणी, सोनोग्राफी फुकट, लागले तर रक्त फुकट. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस आईला जेवण फुकट. घरून दवाखान्यात नेणे, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवायचे झाले तर तिथवर नेणे आणि शेवटी घरी आणून सोडणे हेही फुकट. आजारी बाळाचा उपचारही यात आहे. सुरुवातीला तो तीस दिवसांपर्यंत होता, नंतर वर्षापर्यंत वाढविला. या कार्यक्रमाला जातीचा दाखला लागत नाही, दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही, आणि हे कितवे मूल असेही कोणी विचारू शकत नाही. शिवाय महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरापासून सगळेच उपचार निःशुल्क केलेले आहेत.

आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बायांना पदरचे किती पैसे लागले ते विचारले होते. देशाची सरासरी निघाली २,९१६ रुपये. फुकट बाळंतपणाचे जवळजवळ तीन हजार! हे सरासरीचे गणित आहे. कोणाचे काहीच लागले नसतील तर कोणाचे दहा हजार लागले असतील तेव्हा ही सरासरी आली.

हे पैसे जातात कुठे, ते समजून घेण्यासाठी बदनापूर तालुक्यातल्या एखाद्या आडगावचे कुटुंब डोळ्यांपुढे आणू. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. आशाताईंना उठवले. त्यांनी गाडीसाठी फोन केला, पण गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. पाऊस पडतोय. घरच्यांचा धीर सुटतो आणि गावातल्याच कोणाची तरी जीप ठरते. रात्रीची वेळ, अडलेले गिऱ्हाईक, म्हणेल ते भाडे. बदनापूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर सिस्टर तपासतात आणि म्हणतात, बाळाने आत शी केली आहे, ठोके कमी होताहेत, जालन्याला न्या. आता सिझर करायला शस्त्रक्रियेचे डॉक्टर लागतात, भूल देणारे डॉक्टर लागतात, हाताशी रक्त लागते. ही तिन्ही एका वेळी तालुक्याच्या ठिकाणी असतीलच असे नाही. यात सिस्टरचा काही दोष नाही, उलट वेळेवर पाठवणे हेच शहाणपण. जालना वीसेक किलोमीटर. तिथे गांधी चमनच्या सरकारी स्त्री रुग्णालयात खाटा भरलेल्या असल्या किंवा बाईची प्रकृती फारच बिघडली, तर छत्रपती संभाजीनगरची घाटी. म्हणजे आल्या वाटेने उलट फिरून, पुन्हा बदनापूरवरून पुढे. या प्रत्येक फेरीला गाडी, बरोबरच्या चार माणसांचे चहा-जेवण, बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितलेले एखादे औषध, रात्री बंद असलेल्या खोलीमुळे बाहेर करावी लागलेली सोनोग्राफी. मग बाळ झाले की वॉर्डातली मावशी हात पुढे करते. मुलगा झाला तर पाचशे, मुलगी झाली तर दोनशे! आपल्या समतेच्या गप्पा इथे येऊन थांबतात. मुलगी झाल्याने खर्च कमी झाला म्हणून हळूच समाधान मानणारे आजोबाही आपल्यात आहेत.

यातला बराच खर्च टळतो. जालन्याला पाठवायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, 'गाडी तुमची का?' रुग्ण पाठवताना गाडी देणे हे सरकारी दवाखान्याचे काम आहे, उपकार नव्हेत. १०२ हा गरोदर माता व बाळांच्या गाडीचा क्रमांक, १०८ हा तातडीच्या रुग्णवाहिकेचा. ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. दुसरी गोष्ट, पाठवणीच्या चिठ्ठीवर काय झाले आणि कुठे पाठवले हे लिहून घ्यायचे, आणि तिथे फोन करून कळवायला सांगायचे. चिठ्ठी हातात असली की पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. तिसरी गोष्ट, बाहेरून औषध आणायला सांगितले तर चिठ्ठी आणि पावती दोन्ही जपून ठेवायच्या आणि वैद्यकीय अधीक्षकांना शांतपणे विचारायचे की हे इथे का मिळत नाही. आरडाओरड करू नये. आपला माणूस आत आहे. पण विचारणारा आहे एवढे कळले तरी फरक पडतो. तक्रार किंवा चौकशी करायची तर आरोग्य विभागाचा १०४ हा क्रमांक आहे.

अवचित खर्च निम्माअधिक येतो तो अंगात रक्त नसल्याने. वरच्याच पाहणीत देशातील गरोदर बायांपैकी ५२.२ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक, रक्तक्षयाच्या आढळल्या. रक्त कमी असलेल्या बाईचे थोडे रक्त गेले तरी जिवावर बेतते, आणि मग मध्यरात्री रक्ताची पिशवी शोधणे आले. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, रोज एक याप्रमाणे गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८०. पोट दुखते, तोंडाला चव राहत नाही म्हणून त्या फळीवर पडून राहतात. सासूबाईंनी सुनेच्या हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या रोज द्यावा. त्याला पैसा लागत नाही. आणि अठराच्या आत लेकीचे लग्न लावून देणाऱ्यांना तर काय सांगावे? मराठवाड्यात हे अजून सर्रास चालते, आपल्याही वस्त्यांत चालते. कोवळ्या पोरीचे बाळंतपण अडते, बाळ कमी वजनाचे होते, आणि मग लग्नात 'वाचवलेले' पैसे काचेच्या पेटीत जातात.

खाजगी दवाखान्याच्या दारात

सरकारी दवाखान्यात नीट बघत नाहीत, अंगावर ओरडतात, म्हणून पुष्कळ लोक पदराला खार लावून खाजगीत जातात. बायांना तिथे मान मिळतो असे वाटते, आणि त्यांचे अगदीच चुकते असे मला म्हणवत नाही. कळा देणाऱ्या बाईला वेडेवाकडे बोलणे हा सरकारी वॉर्डातला जुना रोग आहे, आणि आपल्या वस्तीचे नाव ऐकून सूर बदलतो तो निराळाच. पण खाजगीत जाताना आकड्यांची माहिती असावी. २०१९-२१ च्या पाहणीत देशात सरकारी दवाखान्यांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. खाजगीत तेच प्रमाण ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली म्हटले होते की सिझरचे प्रमाण शंभरात दहा ते पंधराच्या वर असण्याचे कारण नाही.

याचा अर्थ प्रत्येक सिझर पैशासाठीच होते असा कोणी करू नये. वेळेवर केलेल्या सिझरने किती मायलेकरे वाचली आहेत! 'आम्हाला सिझर नको' म्हणून हट्ट धरून बसलेल्या घरात काय होते तेही आपण ऐकून आहोत. मुद्दा निराळा आहे. खाजगीत जाताना 'नॉर्मल झाली तर इतके' एवढाच आकडा विचारला जातो आणि निम्म्या वेळा दुसराच आकडा द्यावा लागतो. समजा, पंधरा हजार सांगितले आणि सिझर झाले. आता शस्त्रक्रियेचे पैसे निराळे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे निराळे, औषधांचे बिल निराळे, खोलीचे भाडे तीन दिवसांऐवजी सहा-सात दिवसांचे. बाळाला कावीळ झाली किंवा धाप लागली तर लहान मुलांचे डॉक्टर, आणि काचेची पेटी रोजाच्या भाड्याने. आईचे बिल निदान एकदा थांबते. पेटीचे बिल रोज वाढते, आणि कोणता बाप म्हणेल की आता पुरे, बाळाला बाहेर काढा? घरे बसतात ती बहुतेक या पेटीपायी. जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तो फुकट असतो, हे पुष्कळांना चार दिवसांचे बिल भरल्यावर कळते. बाळ हलवण्याजोगे आहे का, आणि सरकारी विभागात जागा आहे का, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

खाजगीतच जायचे असेल तर आठव्या महिन्यात, पोट दुखत नसताना, बाप किंवा नवरा यांनी जाऊन विचारावे. साधे झाले तर किती, सिझर झाले तर किती, त्यात औषधे आणि भूल धरून का, बाळाचे डॉक्टर कोण, पेटीचे दिवसाला किती, आणि जमले नाही तर कुठे पाठवता. कागदावर लिहून मागावे. यात संकोच कसला? बैल घेताना आपण दात मोजतोच ना! महाराष्ट्रात २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आहे. त्यानुसार खाजगी दवाखान्याने मुख्य दरांचा फलक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, आणि बिलापायी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. जीव धोक्यात असलेल्या रुग्णावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

सांगितलेले पाळले जाते का, हे पुण्यात २०२५ च्या मार्चअखेर दिसले. जुळी बाळे पोटात असलेली, अवघे दिवस भरायच्या आधीची बाई एका नावाजलेल्या धर्मादाय रुग्णालयात गेली. तिथे दहा लाख रुपये अनामत मागितल्याची तक्रार घरच्यांनी केली. तिला दुसरीकडे न्यावे लागले, मुली झाल्या, आणि ती गेली. राज्यभर संताप उसळला, चौकशी झाली, आणि तातडीच्या रुग्णाकडून धर्मादाय रुग्णालयांनी अनामत मागू नये असे सरकारने बजावले. ते कुटुंब आपल्यासारखे हातावर पोट असलेले नव्हते, मोठ्यांच्या ओळखीही होत्या, तरी हे झाले. तेव्हा आपल्या माणसाने धर्मादाय दवाखान्याची गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. विश्वस्त संस्थेच्या दवाखान्याला, मग तो कितीही चकचकीत असो, शंभरातल्या दहा खाटा निर्धनांना फुकट आणि दहा खाटा दुर्बलांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून आहे. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तो निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवावे लागते, आणि दवाखान्यातील समाजसेवकाला गाठावे लागते. न मागता कोणी देत नाही.

कागद आधी, कळा नंतर

आता पैसे मिळण्याच्या गोष्टी. जननी सुरक्षा योजना २००५ सालची. दवाखान्यात बाळंत झालेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील बाईला खेड्यात ७०० रुपये, शहरात ६०० रुपये. वयाची आणि दोनच मुलांची अट २०१३ साली निघाली. रक्कम लहान आहे, पण एका वेळच्या गाडीभाड्याची. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते. दाखल्यावर, आधारवर, शाळेच्या कागदावर कुठे 'बौद्ध', कुठे 'महार', कुठे 'नवबौद्ध', आणि कारकून म्हणतो हे जुळत नाही. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रानेही द्याव्यात यासाठी आपण चौतीस वर्षे झगडलो आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन तो हक्क मिळाला. तो हक्क टेबलावर अडू द्यायचा नसेल तर सुनेचा जातीचा दाखला लग्नानंतर लगेच काढून ठेवावा. सुनेचा दाखला तिच्या माहेरच्या कागदांवरून निघतो. तेव्हा लेकीची पाठवणी करताना भांड्यांबरोबर तिच्या वडिलांच्या दाखल्याची नक्कल द्यावी.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद व तपासणी झाल्यावर ३,०००, आणि बाळाची जन्मनोंद व पहिले डोस झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० मिळतात, ही सोय २०२२ नंतर आली. अनुसूचित जातीच्या बाया, रोजगार हमीचे जॉबकार्ड असणाऱ्या, ई-श्रम कार्डाच्या, दारिद्र्यरेषेखालील अशा सगळ्या यात बसतात. पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. नवऱ्याचे खाते चालत नाही, आणि हे चांगलेच आहे.

सगळ्यांत मोठी आणि आपल्या वस्त्यांत सगळ्यांत कमी माहीत असलेली मदत आहे ती बांधकाम मजुरांची. आपले किती तरुण गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, रंगारी आहेत! महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या बाई मजुराला, किंवा नोंद असलेल्या मजुराच्या बायकोला, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी साधे असेल तर १५,००० आणि सिझर असेल तर २०,००० रुपये मिळतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र देऊन नोंद करायची आणि दरवर्षी ती नवी करायची. ही नोंद बायको गरोदर राहिल्यावर धावपळीत करण्याची गोष्ट नाही. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे जाणाऱ्यांनी आपले विम्याचे कार्ड आहे का ते बघावे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या, विम्याखाली येणाऱ्या कामगाराला ते मिळालेच पाहिजे. मग बायकोचे बाळंतपण विम्याच्या दवाखान्यातून होते, आणि बाई स्वतः कामगार असेल तर २६ आठवड्यांची भरपाईही मिळते. बाबासाहेबांनी ज्याची पायाभरणी केली ते हेच. पगारातून वर्गणी कापून घेऊन पुढे न भरणारे ठेकेदारही असतात, म्हणून कार्ड डोळ्यांनी पाहावे.

कागदासाठी बाईचा जीव जाऊ शकतो, हे दिल्लीच्या उच्च न्यायालयात सिद्ध झालेले आहे. एक गरीब मजूर बाई पोटात मेलेले मूल घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहिली, कारण तिचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचे होते. पुढच्या बाळंतपणात, २०१० च्या जानेवारीत, ती गेली. न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी ४ जून २०१० च्या निकालात सांगितले की गरोदर बाईला उपचार मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि कुटुंबाला भरपाई द्यायला लावली. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या जोडप्यांनी हे ऐकून ठेवावे. गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि तपासणीचे कागद कोयत्याबरोबर बांधून न्यावेत. फडाजवळच्या आरोग्य केंद्रात नोंद करता येते, परके म्हणून कोणी घालवून देऊ शकत नाही. मुकादम सुट्टी देत नाही, खाडे धरतो, हे मला माहीत आहे. तरी महिन्याच्या ९ तारखेला जावेच. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, आणि कोणते बाळंतपण जोखमीचे आहे ते तिथेच आधी कळते. जोखीम आधी कळली तर जालन्याला जाणे रात्री अकराला ठरत नाही. चार दिवस आधी एस.टी.ने जाऊन निवांत भरती होता येते.

एक गोष्ट बोलू नये असे वाटते, पण बोलतो. बाळाच्या नामकरणाला आपण मंडप घालतो, गाणी वाजवतो, दोनशे पाने उठवतो. त्याच बाळाच्या जन्मासाठी दोन महिने आधी कोणी पाच हजार बाजूला काढून ठेवलेले नसतात. बौद्ध पद्धतीने नामकरण करायला त्रिसरण-पंचशील आणि एक उपासक पुरतो. बायांच्या बचत गटांतून बाळंतपणाला कर्ज मिळते, पण बैठक पंधरा दिवसांनी आणि कळा आज, असे होते. म्हणून ज्या विहारात रविवारी वंदना होते तिथल्या उपासिकांनी एक वही घालावी असे सुचवितो. वस्तीत कोण गरोदर आहे, कितवा महिना, रक्तगट कोणता, कोणाची रिक्षा किंवा जीप रात्री निघेल आणि ठरलेले भाडे किती, त्या रक्तगटाचे चार तरुण कोण. आणि एका डब्यात दोन-तीन हजार रोख, ते फक्त बाळंतपणाच्या रात्री उघडायचे आणि दोन महिन्यांत परत भरायचे, व्याज नाही. आशाताईंना या वहीची माहिती द्यावी. त्यांच्याकडे यादी असतेच, फक्त त्यांच्या यादीत गाडीवाल्याचे नाव नसते.

आणि बाळ सुखरूप झाले की एक काम पुरुषांनी विसरू नये. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. सरकारी दवाखान्यात झाले असेल तर दाखला तिथेच मागावा, घरी झाले असेल तर ग्रामपंचायतीत जावे. मातृवंदनेचे पुढचे दोन हजार त्या दाखल्यावर आहेत, पुढे शाळाही त्यावरच. बाळाचे नाव ठरले नाही म्हणून नोंद लांबवू नका. नोंद नावाशिवाय होते. नाव वर्षाच्या आत जाऊन विनाशुल्क घालता येते.